माराची वाटणी

आमच्या गावाला दोन नावं आहेत. एस.टी.च्या पाटीवर राजगुरुनगर आणि कंडक्टरच्या तोंडात खेड. हुतात्मा राजगुरू १९०८ साली इथेच जन्मले, त्यांचं नाव गावाला मिळालं हे उत्तमच झालं. पण म्हाताऱ्या माणसांची जीभ काही राजपत्र वाचत नाही. तेव्हा एकाच गोष्टीला दोन नावं असण्याची आम्हाला सवय आहे. त्यामुळे आमच्या बाहेरच्या खोलीत जी काचेची पेटी आहे तिला ही ‘फिशटँक’ म्हणते आणि मी ‘शाखा’ म्हणतो, ह्याचं घरात कुणाला नवल वाटत नाही. मी बँकेत कारकून आहे. वीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसलेल्या माणसाला कुठलीही काच दिसली की तिच्यामागे शाखाच दिसते.

ही पेटी मी विकत घेतलेली नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण बँकेतल्या माणसाने हौसेखातर पैसे उधळले असं कळलं तर लोक ठेवी काढून घ्यायचे. माझा मेहुणा चाकणच्या एमआयडीसीत मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. त्याची बदली गुजरातेत झाली. जायच्या आदल्या दिवशी तो टेंपो घेऊन दारात हजर. म्हणाला, “दाजी, सामान नेतोय, पण ही पेटी नेववत नाही. ताईची हरकत नसेल तर तुमच्याकडे ठेवतो.” ताईची हरकत नव्हती. दाजींना विचारण्याची आमच्याकडे पद्धत नाही.

पेटी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे लगेच गुणाकार केला. सुमारे अडीचशे लिटर पाणी. बहुतेक मासे मेहुण्याने मित्रांत वाटून टाकले होते, पाच शिल्लक होते. बोट-दीड बोट लांबीचे, निळे, अंगावर काळसर उभे पट्टे. दिसायला असे गरीब, की खातं उघडायला आले असते तर मी ओळखपत्रसुद्धा मागितलं नसतं.

“आफ्रिकेतले आहेत,” मेहुणा म्हणाला. “सिक्लिड. मलावी सरोवरातली जात. जरा तापट असतात.”

हे मलावी सरोवर म्हणजे आपल्या कल्पनेतलं तळं नव्हे. पुण्याहून निघून हैदराबाद गाठावं एवढी त्याची लांबी आणि सातशे मीटरपर्यंत खोली. सिक्लिडांच्या शेकडो जाती त्यात राहतात आणि त्यांतल्या बहुतेक जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. काठाच्या खडकांत राहणाऱ्या जातींना तिकडचे लोक ‘म्बुना’ म्हणतात. ह्या म्बुनांचा सगळा संसार खडकावर. त्यावरचं शेवाळ खरवडून खायचं, खडकातली एखादी कपार आपली मानायची आणि दुसरा कुणी जवळ आला की त्याच्या अंगावर धावून जायचं. आपल्याकडे बांधावरून जे चालतं तेच, फक्त ह्यांना सात-बारा लागत नाही.

त्यांना पाणी जड लागतं. ही अडचण मात्र आली नाही. आमच्या बोअरचं पाणी एवढं जड आहे की त्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. ज्या पाण्याला ही पंधरा वर्षं नावं ठेवत आली, त्याच पाण्यात आफ्रिकेतले पाहुणे खुशीत पोहू लागलेले पाहून तिला डाळीचं दुःख थोडं हलकं झालं.

पाच माशांना अडीचशे लिटर म्हणजे माणशी पन्नास लिटर. एवढी ऐसपैस जागा आमच्या शाखेत साहेबांनासुद्धा नाही. आता इथे काय कसली मारामारी होणार, असं मला वाटलं. गर्दी हेच सगळ्या भांडणांचं मूळ, असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं आणि त्यावर मी दहापैकी आठ मार्कांचा निबंधही लिहिला होता.

तिसऱ्या आठवड्यात एका माशाचा रंग बदलू लागला. निळ्याचा हळूहळू पिवळाधमक झाला. मी घाबरून मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, “कावीळ नाही दाजी, तो नर आहे. ह्या जातीत वरचढ झालेला नर पिवळा होतो.” म्हणजे बढती झाली. आम्ही त्याचं नाव ‘साहेब’ ठेवलं.

साहेबांनी पदभार स्वीकारताच सर्वांत मोठ्या दगडाखालची केबिन ताब्यात घेतली आणि बाकीच्या चौघांपैकी सर्वांत लहान मासा निवडला. का निवडला हे मला अजून कळलेलं नाही. त्याने काही केलं नव्हतं. तो इकडे गेला तर मार, तिकडे गेला तर मार. शेवटी तो बिचारा वरच्या कोपऱ्यात, हीटरच्या मागे, पाण्याच्या पृष्ठभागाशी उभा राहू लागला. बाकीचे तिघं निर्धास्तपणे चरत होते. त्यांच्या शेपट्या कशा अगदी शाबूत होत्या. अकराव्या दिवशी, रविवारी सकाळी, तो लहान मासा तरंगताना दिसला. आमच्या चिरंजीवांनी त्याला कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरलं आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. मुलांचं नेमकं कळतं. साहेबांवर रागावून उपयोग नाही, रागवायचं तर पेटीच्या मालकावर.

मी पुन्हा फोन केला. “अरे, एक गेला.”

“मासे कमी पडले, दाजी.”

“कमी पडले? अरे, आहेत तेवढ्यांतच मारामारी चाललीय!”

“म्हणूनच. अजून पंधरा-सोळा टाका. गर्दी झाली की त्याला एकाच्या मागे लागता येत नाही. एकाला मारायला निघाला की मध्ये दुसरा येतो, दुसऱ्याच्या मागे लागला की तिसरा. मार सगळ्यांत वाटला जातो. मरत कुणी नाही.”

वाचकहो, ज्यांना हा छंद आहे त्यांना हे नवीन नाही. म्बुना पाळणारे मुद्दाम दाटी करतात. पाण्यात घाण जास्त होते म्हणून जाळीचं यंत्र चांगलं दणकट ठेवतात, दर आठवड्याला निम्म्याच्या आसपास पाणी बदलतात आणि एका नरामागे तीन-चार माद्या असाव्यात असा हिशेब धरतात, म्हणजे एकाच मादीचा पिच्छा पुरवला जात नाही. ह्या सगळ्यात आश्चर्य वाटलं ते मला. पण मग आठवलं, की हा प्रयोग मी रोज पाहतो. चाकणच्या तळेगाव चौकात पुणे-नाशिक रस्त्यावर वाहनं अडकली की प्रत्येक जण प्रत्येकावर हॉर्न वाजवतो. त्या गदारोळात कुणालाही व्यक्तिशः अपमान झाल्यासारखं वाटत नाही. तोच रिकाम्या रस्त्यावर एकाने एकाला हॉर्न वाजवला तर प्रकरण गचांडी धरण्यापर्यंत जातं.

नवे पंधरा मासे आले. नारिंगी, पांढरे, पट्ट्यापट्ट्यांचे. मेहुण्याने आणखी एक सूचना केली होती, “नवे टाकायच्या आधी सगळे दगड हलवा.” कारण जुन्या माशांच्या हद्दी दगडांवरून ठरलेल्या असतात. दगड हलले की सगळेच परके होतात आणि जो तो नव्याने जागा शोधायला लागतो. ही युक्ती आफ्रिकेतली नसून आमच्या मुख्य कार्यालयातली असावी असा मला दाट संशय आहे. तिथे ह्याला बदल्या म्हणतात. एखादा माणूस एखाद्या काउंटरवर इतका रुजतो की काउंटर त्याचा की तो काउंटरचा हे कळेनासं होतं, आणि मग एके दिवशी वरून हात येतो आणि दगड हलवतो.

युक्ती लागू पडली. साहेब भांबावले. एकाच्या मागे धावावं तर पाच जण आडवे. आठवडा गेला, महिना गेला, कुणी मेलं नाही. पण निरखून पाहिलं तेव्हा दिसलं, की एकोणीस माशांपैकी बहुतेकांच्या शेपटीचा किंवा पराचा थोडाथोडा तुकडा गेला होता. पूर्वी एकाला शंभर टक्के आणि बाकीच्यांना शून्य होतं. आता प्रत्येकाला पाच-पाच टक्के होतं. बेरीज तीच, किंवा जरा जास्तच.

आणि इथे, वाचकहो, माझी झोप उडाली. मार सारखा वाटला म्हणजे न्याय झाला का?

कॉमर्सला आम्हाला सागरी विम्यात ‘जनरल अ‍ॅव्हरेज’ नावाचं एक प्रकरण होतं. जहाज वादळात सापडलं, ते वाचवण्यासाठी कप्तानाने कुणा एकाचा माल समुद्रात फेकला, तर ते नुकसान त्या एकट्याच्या माथी मारत नाहीत. ज्यांचा ज्यांचा माल वाचला त्या सगळ्यांनी, जहाजाच्या मालकानेही, ते आपापल्या हिश्श्याने सोसायचं. मला हा नियम फार आवडायचा. आमच्या सबंध अभ्यासक्रमात ज्याला माणुसकी म्हणता येईल असा हाच एक धडा होता. पेटीकडे पाहून मी स्वतःची समजूत घातली, की हे जनरल अ‍ॅव्हरेजच आहे. एक मरण्यापेक्षा एकोणीस जणांनी थोडंथोडं सोसलं.

पण रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यातली मेख कळली. जहाजावरचं वादळ कुणी आणलेलं नसतं. इथलं वादळ मी आणलं होतं. सरोवरात मार खाल्लेला मासा पळून जातो. समोर शेकडो किलोमीटर काठ पडलेला असतो. मारणाराही आपल्या दगडापासून फार लांब येत नाही, कारण मागे दगडावर दुसरा कुणी बसायचा. इथे पळायला चार फूट. मी आधी पळायची वाट बंद केली आणि मग मार कसा वाटायचा ह्याचा हिशेब मांडत बसलो. हिशेब बरोबर होता. हिशेब नेहमीच बरोबर असतो, आमच्या धंद्याची तीच तर खासियत आहे.

एवढ्यात एका निळ्या मादीने खाणं सोडलं. गळ्याखाली फुगवटा आलेला, तोंड मिटलेलं. ही म्हणाली, “हिच्या तोंडात काहीतरी आहे.” होतीच. अंडी. ह्या जातीत आई अंडी तोंडात घेऊन उबवते आणि तीन आठवड्यांच्या आसपास जवळजवळ उपाशी राहते. पिल्लं पोहण्याजोगी झाली की तोंड उघडून बाहेर सोडते. ह्यात वडिलांचा सहभाग विचाराल तर सुरुवातीपुरता. त्यानंतर साहेब केबिनमध्ये.

तेव्हा मला सारख्या वाटणीतली दुसरी मेख दिसली. त्या मादीलाही इतरांइतकाच पाच टक्के मार होता. पण इतरांना पोटभर खाऊन आणि उलट चावा काढून तो सोसायचा होता. हिला उपाशीपोटी आणि तोंड न उघडता. ज्याचं तोंड भरलेलं आहे त्याला सारखा वाटा दिला, तर त्याला सारखं मिळालं असं कसं म्हणायचं?

मेहुणा फोनवर म्हणाला, “दाजी, सोपं आहे. अठरा-वीस दिवस झाले की तिला हळूच हातात धरा, तोंड उघडा आणि पिल्लं काढून घ्या. सगळे तसंच करतात.” मी हा निरोप हिला दिला. हिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी सुचवणाऱ्याचं नाव लगेच सांगून टाकलं. “त्याला म्हणावं, तुझ्या वेळी डॉक्टरला घाई झाली होती का?” एवढं बोलून तिने माळ्यावरचा प्लास्टिकचा मोठा टब काढला, त्यात पेटीतलंच पाणी भरलं, प्लंबरकडून उरलेला पाइपाचा तुकडा लपायला ठेवला आणि जाळीने मादीला अलगद तिकडे हलवलं. वाटणी नाही, सरासरी नाही. सरळ उचललं आणि मारापासून बाजूला नेलं. मी दोन महिने तत्त्वज्ञान करत होतो. हिला पाच मिनिटं लागली.

पंधरवड्याने टबात सतरा पिल्लं दिसली. दोनदा मोजली, ताळा जुळला. ती वाढू लागली तसा प्रश्न आला की ह्यांचं करायचं काय? पेटीत टाकली तर मोठे गिळतील. चिरंजीव म्हणाले, “बाबा, भीमेत सोडूया ना! नदी मोठी आहे.” मलाही क्षणभर ते पुण्यकर्म वाटलं. पण ह्या कुळातला एक आफ्रिकन मासा आधीच भीमेत आहे. खाली उजनीच्या धरणातून टोपल्या भरभरून जी चिलापी येते ती म्हणजे तिलापिया. तोही सिक्लिडच. मोझांबिकची तिलापिया आपल्या देशात आणली १९५२ साली. लोकांना स्वस्तात मासे मिळावेत हा हेतू काही वाईट नव्हता. तिचीही आई पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे ती बेसुमार वाढली, नद्या-धरणांत पसरली आणि इथल्या मूळच्या माशांना जड झाली. पाण्यात एकदा सोडलेला मासा अर्ज करून परत बोलावता येत नाही. आपली दया अशी घाईने नदीत सोडायची नसते, तिचा मार खाली कुणाच्या तरी वाट्याला जातो. पिल्लं शेवटी चाकणच्या एका दुकानदाराला फुकट दिली. तो त्यांना दुसऱ्या पेटीत टाकणार हे मला ठाऊक होतं. मी विचारलं नाही.

ह्याच सुमारास पुण्याला अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत मला कोन्राड लोरेन्झचं एक पुस्तक सापडलं. प्राण्यांच्या आक्रमकतेवरचं, मूळ जर्मन, १९६३ सालचं. ह्या गृहस्थांना १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांनीही सिक्लिड पाळले होते, दक्षिण अमेरिकेतले. काचेचे पडदे घालून शेजारीशेजारी जोडपी ठेवलेली. नर दिवसभर काचेपलीकडच्या शेजाऱ्यावर गुरकावायचा आणि घरात बायकोशी गोडीगुलाबीने राहायचा. पण काचेवर शेवाळ चढून शेजारी दिसेनासा झाला, की तोच नर बायकोच्या अंगावर धावायचा. म्हणजे नवरा-बायकोत खटके उडू लागले की ओळखावं, काच पुसायची वेळ झाली.

मी हे हिला मोठ्या उत्साहाने वाचून दाखवलं. आमच्या शेजारच्या गृहस्थांशी स्कूटर लावण्याच्या जागेवरून माझं सहा वर्षं भांडण होतं. गेल्या वर्षी ते मोशीला फ्लॅट घेऊन गेले आणि तेव्हापासून आमच्या घरात भाजीतल्या मिठावरून आवाज चढू लागले होते. “बघ,” मी म्हटलं, “हे शास्त्र आहे. मी काय करू?”

ही म्हणाली, “काच पुसा.”

खरं सांगायचं तर, राग टाकीतल्या पाण्यासारखा साठत जातो आणि कुठेतरी सोडावाच लागतो, हे लोरेन्झसाहेबांचं म्हणणं पुढच्या शास्त्रज्ञांनी फारसं मानलेलं नाही. पण मला ते फार सोयीचं वाटलं होतं. राग साठतोच म्हटलं, की ज्याच्यावर सोडला त्याची माफी मागायची गरज उरत नाही. आणि मग, नको असताना, मला एक जुनी शाखा आठवली.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. गाव सांगत नाही. आम्ही पाच जण होतो. हो, पाचच. त्यात एक नवा मुलगा लागला होता. हुशार, पण बोलायला भिडस्त. साहेबांनी त्याला निवडलं. का, ते इथेही कळलं नाही. टोकन चुकलं तरी तो, प्रिंटर बिघडला तरी तो, पाऊस पडून गिऱ्हाईक आलं नाही तरी तो. पुढे पुढे तो डबासुद्धा रेकॉर्डरूममध्ये, रॅकच्या मागे उभ्यानेच खाऊ लागला. आम्ही चौघं मात्र रोज वेळेवर घरी जात होतो. साहेब आमच्याशी किती छान वागतात, असं आम्ही घरी सांगत होतो. मी त्या मुलाचं कधी वाईट केलं नाही. त्याच्यासाठी वाईटही वाटायचं. पण ज्या दिवशी तो रजेवर असे त्या दिवशी माझ्या पोटात गोळा यायचा, आणि तो कशाचा होता हे मला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं. आठ महिन्यांनी त्याने नोकरी सोडली. आम्ही वर्गणी काढून त्याला शाल-श्रीफळ दिलं. साहेब दोन शब्द फार चांगले बोलले. पुढच्या सोमवारी पाचातून एक वजा झाल्यामुळे मार माझ्या वाट्याला आला आणि तेव्हा कुठे मला अन्यायाबद्दल चीड आली.

हीटरच्या मागे उभा असलेला तो मासा आणि रॅकच्या मागचा डबा, हे दोन्ही मला हल्ली एकदमच दिसतात. चरणाऱ्या तिघांच्या शेपट्या शाबूत होत्या, असं मी मघाशी लिहिलं. त्यांना तरी दोष कसा देणार? माशाला मध्ये पडता येत नाही. तो वाटेत आला तर चुकून येतो. कारकुनाला खुर्चीवरून उठता येतं, एवढाच काय तो दोघांत फरक. आणि वीस वर्षांत मी तो किती वेळा दाखवला, ह्याचा ताळेबंद न मांडलेलाच बरा.

परवा आमच्या सध्याच्या शाखेत एक नोंद चुकली. दीड महिन्यापूर्वी रुजू झालेली एक मुलगी केबिनमध्ये उभी होती आणि साहेबांचा आवाज काउंटरपर्यंत येत होता. आम्ही सगळे अतिशय मन लावून काम करत होतो. ते व्हाउचर माझ्याही हातून गेलं होतं. खाली माझी सही होती, पण बारीक. मी उठलो, केबिनचं दार लोटलं आणि म्हणालो, “साहेब, ह्यात अर्धी चूक माझी आहे.”

पुढची पंधरा मिनिटं अर्ध्याहून बरंच जास्त माझ्या वाट्याला आलं. मुलगी तेवढ्यात जागेवर जाऊन पाणी प्यायली.

घरी आलो तेव्हा ही पेटीचं पाणी बदलत होती. मी मुकाट्याने फडकं घेतलं आणि काच पुसायला लागलो. आत साहेब एका नारिंगी माशाच्या मागे लागले होते. ज्या मादीची पिल्लं आम्ही देऊन टाकली ती पुन्हा खायला लागली होती आणि तिच्या शेपटीचा गेलेला तुकडा बराचसा भरून आला होता. माशांचं हे एक बरं असतं, शेपटी पुन्हा येते. माझ्या बदलीचं अजून काही कळलेलं नाही.